महाविद्यालयाची मराठी संशोधनपत्रिका ऑनलाइन आणताना : गोव्यातील ग्रंथपालांसाठी मार्गदर्शन

महाविद्यालयाची संशोधनपत्रिका ऑनलाइन काढायचे ठरले की पहिली बैठक सहसा संगणक विभागाबरोबर होते आणि ग्रंथपालाला बोलावणे येते ते अंक तयार झाल्यावर, ‘एवढे अपलोड करून द्या’ म्हणून. हा क्रम उलटा आहे. पत्रिका चालवण्यासाठी लागणारी संगणकप्रणाली मोफत मिळते आणि जाणकार माणूस ती अर्ध्या दिवसात बसवून देतो. वेळ आणि कौशल्य लागते ते मजकूर शोधण्याजोगा करण्यासाठी, लेखकांची नावे एकसारखी नोंदवण्यासाठी आणि प्रत्येक लेखाची नोंद जगातल्या शोधयंत्रणांना वाचता येईल अशी ठेवण्यासाठी. ही सगळी तालिकीकरणाचीच कामे आहेत. फक्त कार्डाच्या जागी पडदा आला आहे. म्हणून पुढील विवेचन वार्षिक किंवा सहामाही मराठी पत्रिका काढणाऱ्या, क्वचित त्यात कोंकणी व इंग्रजी लेखही छापणाऱ्या गोव्यातील महाविद्यालयाचा ग्रंथपाल डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

सुरुवातीला ठरवायच्या गोष्टी

पत्रिकेचे नाव, वारंवारिता आणि भाषा या तीन गोष्टी कागदावर नक्की झाल्याखेरीज संकेतस्थळाला हात लावू नये. नाव ठरवताना तेच किंवा तत्सम नाव दुसऱ्या पत्रिकेने आधीच घेतलेले नाही ना, हे आयएसएसएनच्या, म्हणजे नियतकालिकांच्या ओळखक्रमांकाच्या, आंतरराष्ट्रीय पोर्टलवर शोधून पाहावे, कारण ‘संशोधन’, ‘ज्ञान’ आणि ‘विमर्श’ या शब्दांभोवती फिरणाऱ्या नावांची मराठीत आधीच गर्दी आहे. वारंवारितेच्या बाबतीत हौसेने त्रैमासिक जाहीर करून वर्षाला एकच जोडअंक काढण्यापेक्षा सरळ वार्षिक म्हणावे आणि दरवर्षी ठरलेल्या महिन्यात अंक काढावा. गोव्यातील शैक्षणिक वर्ष, चवथीची सुट्टी आणि सत्रपरीक्षा पाहता मार्च किंवा डिसेंबर हे महिने सोयीचे पडतात. ऑगस्ट-सप्टेंबरात अंक काढण्याचे वचन देणाऱ्या संपादकाने परीक्षकांच्या घरचा गणपतीही विचारात घ्यावा.

भारतात आयएसएसएन क्रमांक नवी दिल्लीतील सीएसआयआर-निस्पर या संस्थेतील राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. हा क्रमांक ‘मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. छापील आणि ऑनलाइन आवृत्त्यांना वेगवेगळे क्रमांक घ्यावे लागतात. छापील अंकाचा क्रमांक संकेतस्थळावर चिकटवून काम भागत नाही. अर्जातले, मुखपृष्ठावरचे आणि संकेतस्थळावरचे नाव अक्षरशः एकच असावे. पुढे नावात लक्षणीय बदल केला तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यामुळे नव्या प्राचार्यांना नवे नाव सुचले तरी त्यांना ही गोष्ट वेळीच सांगावी.

आयएसएसएन ही केवळ ओळख आहे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, हे संपादक मंडळाला पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘यूजीसी-केअर’ ही मान्य संशोधनपत्रिकांची यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली. आता पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि वाचकांवर आहे, म्हणून संकेतस्थळावर ‘केअर मान्यताप्राप्त’ असा जुना शिक्का राहिला असेल तर तो उतरवावा आणि त्याऐवजी परीक्षणाची पद्धत, संपादकांची नावे व त्यांच्या संस्था, लेखकाकडून शुल्क घेतले जाते की नाही, ही माहिती उघडपणे द्यावी.

मजकूर खरोखर युनिकोडमध्ये आहे का

मराठी पत्रिकांचे घोडे अडते ते येथे. तपासणीची रीत सोपी आहे. मागील अंकाची पीडीएफ उघडावी, एक परिच्छेद निवडून त्याची नक्कल नोटपॅडमध्ये चिकटवावी. तेथे देवनागरी अक्षरे उमटली तर ठीक. रोमन अक्षरे, कंस आणि टक्केचिन्हे यांची खिचडी उमटली तर तो मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेला आहे. श्रीलिपी, आयएसएम किंवा तत्सम प्रणाली वापरून पेजमेकरमध्ये लावलेली पाने माणसाला वाचता येतात, पण गूगलच्या दृष्टीने त्यांत मराठीचे एक अक्षरही नसते. असा अंक दहा वर्षे संकेतस्थळावर ठेवला तरी त्यातला लेख कोणालाही शोधून सापडणार नाही.

यावर उपाय म्हणजे लेखकांच्या नियमावलीत पहिल्याच ओळीत ‘लेख युनिकोडमध्येच पाठवावा’ असे लिहिणे आणि डीटीपी करणाऱ्याशी करार करताना हीच अट घालणे. तरीही ज्येष्ठ लेखकांकडून जुन्या फाँटमधील फाइल येईलच. ती नाकारू नये. परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणावी आणि त्यानंतर मुद्रितशोधन नव्याने करावे. परिवर्तकाच्या चुका विखुरलेल्या नसतात, त्या ठरावीक ठिकाणी होतात, म्हणून त्या शोधणेही सोपे असते. सर्वांत आधी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार पाहावा, कारण जुन्या फाँटमध्ये ही चिन्हे दिसण्याच्या क्रमाने टंकलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यानंतर ‘द्ध’, ‘द्य’, ‘श्र’, ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे, मग अवतरणचिन्हे आणि शेवटी आकडे तपासावेत. आकडे शेवटी सांगितले असले तरी त्यांकडे दुर्लक्ष करू नये. सनावळ्यांमध्ये एका आकड्याची अदलाबदल झाली तर मुद्रितशोधकाच्या लक्षात ती येत नाही, कारण वाक्य वाचताना काहीच खटकत नाही.

मराठीपुरता एक खास तपास करावा लागतो. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एक, खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. शिवाय ते अदृश्य चिन्ह एखाद्या प्रणालीने गाळून टाकले, तर डोंगरांमधल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, आणि मासेमारीवरील लेखांच्या शेजारी सह्याद्रीच्या भूगोलावरील लेख येऊन बसतो. पत्रिकेने पहिला प्रकार सर्वत्र वापरावा असे माझे मत आहे. हाच प्रकार ‘ॲ’च्या बाबतीत आहे : एकच स्वतंत्र वर्ण म्हणून तो २००८ मध्ये युनिकोडमध्ये आला, त्याआधीचे मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून टंकलेले असतात. वर्डमध्ये शोधा-बदला हा आदेश दोनदा चालवला की हे काम पाच मिनिटांत होते, पण ते लेख ओजेएसवर, म्हणजे पत्रिका चालवण्याच्या संगणकप्रणालीवर, चढवण्यापूर्वी झाले पाहिजे. नंतर करायला कोणीही बसत नाही.

आता पीडीएफविषयी. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी त्यापासून तयार झालेली पीडीएफ शुद्ध असेलच असे नाही, कारण पीडीएफ अक्षरांची आकृती आणि तिची जागा लक्षात ठेवते; जोडाक्षरे आणि वेलांट्या परत काढताना त्यांचा क्रम बिघडू शकतो. इनडिझाइनमध्ये पाने लावणाऱ्याने वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय चालू ठेवली नाही तर जोडाक्षरे पानावरच तुटतात. म्हणून प्रत्येक लेखाच्या पीडीएफवर वर सांगितलेली नोटपॅडची चाचणी पुन्हा घ्यावी आणि शक्य तेव्हा पीडीएफच्या जोडीला लेखाची एचटीएमएल आवृत्तीही द्यावी. एचटीएमएलमध्ये मजकूर जसा टंकला तसाच राहतो, मोबाइलवर वाचता येतो आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही तो उच्चारता येतो. मराठी पत्रिकेसाठी या आवृत्तीचे महत्त्व इंग्रजी पत्रिकेपेक्षा जास्त आहे.

नावे आणि गावे

गोव्यातील ग्रंथपालाला नामनोंदीचे काम दुसरीकडच्या ग्रंथपालापेक्षा दुप्पट करावे लागते, आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. नाईक हे आडनाव आज रोमन लिपीत ‘के’ने संपते, तर पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीत ते ‘क्यू, यू, ई’ असे संपते. गावकरमधला ‘क’ कुठे ‘के’ने तर कुठे ‘सी’ने लिहिलेला असतो. शिरोडकरांतला ‘श’ जुन्या कागदांत ‘एक्स’ने सुरू होतो. शेणवींचे ‘सिनाय’ होते, प्रभूंचे ‘पोरोब’, कामतांचे ‘कामोतीं’. एखाद्या प्राध्यापिकेचा पहिला लेख माहेरच्या आडनावाने, पीएच.डी. सासरच्या आडनावाने, पासपोर्ट पोर्तुगीज धाटणीच्या स्पेलिंगने आणि पत्रिकेतला लेख देवनागरीत असू शकतो. शोधयंत्रे त्यांना चार वेगळ्या व्यक्ती समजतात आणि त्यांच्या लेखनाला मिळालेले संदर्भ चार जागी विखुरतात.

यावर ऑर्किड हा उपाय आहे. २०१२ मध्ये सुरू झालेला हा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला मोफत मिळतो. तो चार-चारच्या गटांत लिहिला जातो आणि शेवटच्या स्थानी कधी ‘एक्स’ हे अक्षर येते, त्याला चूक समजू नये. क्रमांक लेखकाने स्वतःच काढायचा असतो. ग्रंथपालाने सगळ्यांच्या वतीने खाती उघडून परवलीचे शब्द आपल्या वहीत लिहून ठेवू नयेत. त्याऐवजी दुपारच्या मोकळ्या तासाला लेखकांना ग्रंथालयात बोलावून शेजारी बसून खाते उघडून द्यावे. त्या वेळी ‘इतर नावे’ या रकान्यात देवनागरी नाव, माहेरचे नाव आणि पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग ही सर्व रूपे भरून घ्यावीत. हा रकाना बहुतेक लोक रिकामा सोडतात. गोव्यात मात्र सर्वांत उपयोगाचा रकाना तोच आहे.

ओजेएसमध्ये लेखकाची नोंद करताना पहिल्या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि दुसऱ्यात केवळ आडनाव भरावे. ‘प्रा.’, ‘डॉ.’, ‘श्रीमती’ या उपाध्या नावाच्या रकान्यात घालू नयेत, नाहीतर संदर्भसूचीत ‘डॉ.’ नावाचा एक बहुप्रसव लेखक तयार होतो. दुहेरी आडनावे असतील, उदाहरणार्थ ‘सिनाय’ने सुरू होणारी किंवा ‘राणे सरदेसाई’सारखी, तर लेखकाला विचारून ती अखंड आडनावाच्या रकान्यात ठेवावीत. लेखकाने सांगितलेले रूप ग्रंथालयाने आपल्या साध्या एक्सेल तक्त्यात नोंदवून ठेवावे आणि पुढच्या प्रत्येक अंकाला तेच वापरावे. ऑथॉरिटी फाइल म्हणून आपण वर्गात शिकलो ती हीच.

गावांच्या नावांचाही हाच पेच आहे. समजा, डिचोली तालुक्यातील गावकरी संस्थेवर एक लेख आला आहे. लेखकाने विषयशब्द म्हणून ‘डिचोली’ आणि ‘गावकरी’ एवढेच दिले आहेत. परदेशातला अभ्यासक मात्र ‘बिचोलिम’ आणि ‘कोमुनिदाद’ या शब्दांनी शोधणार आहे. म्हणून मराठी रकान्यात ‘डिचोली’, ‘गावकरी’, ‘कोमुनिदाद’, ‘ग्रामसंस्था’ असे शब्द द्यावेत आणि इंग्रजी रकान्यात शासकीय स्पेलिंग व पोर्तुगीज संज्ञा दोन्ही द्याव्यात. सांखळी, केपे, पेडणे यांचेही तेच. पणजीच्या बाबतीत तर १८४३ पासून राजधानी म्हणून वापरात असलेले ‘नोव्हा गोवा’ हे नावही, लेखाचा काळ तसा असेल तर, विषयशब्दांत यायला हवे. पोर्तुगीज साधनांचे संदर्भ देताना स्वरांवरची चिन्हे गाळू नयेत आणि १९११ च्या लेखनसुधारणेपूर्वीचे ग्रंथनाम आधुनिक करू नये. मुखपृष्ठावर जसे आहे तसे ठेवावे. युनिकोडमध्ये देवनागरी आणि पोर्तुगीज शेजारी शेजारी सुखाने नांदतात, तेव्हा आता तांत्रिक सबब उरलेली नाही.

शीर्षक आणि सारांश प्रत्येक लेखाला मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत असावेत. इंग्रजी सारांश यंत्राकडून भाषांतरित करून तसाच छापू नये. लेखकाला तो वाचून दुरुस्त करायला लावावा. लेखाची भाषा हा एक छोटासा रकाना असतो, तोही डोळसपणे भरावा. कोंकणी लेखावर मराठीची नोंद किंवा मराठी लेखावर कोंकणीची नोंद पडली, तर गोव्यात ती चूक केवळ तांत्रिक राहत नाही.

ओजेएस बसवताना

ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजेच ओजेएस, ही कॅनडातील पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने तयार केलेली मुक्त प्रणाली आहे. लेख स्वीकारणे, परीक्षणाला पाठवणे, संपादन, मांडणी आणि प्रकाशन हे सर्व टप्पे तिच्यात एकाच जागी होतात. तिला पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल चालणारा सर्व्हर लागतो. बसवण्याचे काम संगणक विभागाला द्यावे, पण चार गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवावे. दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्तीच निवडावी. लेखांच्या मूळ फाइली ठेवण्याचा फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर असावा, नाहीतर परीक्षणातील गोपनीय फाइली पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही उतरवून घेता येतात. नोंदणीच्या पानावर कॅप्चा आणि ईमेल पडताळणी चालू ठेवावी, कारण त्याविना काही आठवड्यांत शेकडो बनावट ‘लेखक’ नोंदले जातात. आणि पत्रिकेची पत्रे महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेल व्यवस्थेतून जातील अशी जोडणी करून घ्यावी. परीक्षकाला पाठवलेले निमंत्रण स्पॅममध्ये पडले की संपादक परीक्षकावर रुसतात आणि परीक्षकाला त्याचा पत्ताही नसतो.

भाषांची मांडणी पहिल्याच दिवशी करावी. वाचकांना दिसणारी बटणे इंग्रजीत राहिली तरी बिघडत नाही, मात्र शीर्षक, सारांश आणि विषयशब्द दोन्ही भाषांत भरण्याची सोय चालू असली पाहिजे. पत्रिकेची पत्रे मराठीत लिहून घ्यावीत. प्रणालीतील तयार इंग्रजी निमंत्रणापेक्षा ‘आपण वेळ काढून हा लेख तपासून द्यावा, ही विनंती’ अशा चार ओळींच्या पत्राला आपल्याकडचे प्राध्यापक लवकर उत्तर देतात.

परीक्षण आणि सचोटी

गोव्याचा विद्वद्वर्ग लहान आहे. पेडण्यातील लोककलेवर लेख आला की तो कोणी लिहिला हे काणकोणात बसलेल्या परीक्षकाला दुसऱ्या पानावर कळते. म्हणून अनामिक परीक्षण खरोखर अनामिक ठेवायचे असेल तर निम्मे परीक्षक राज्याबाहेरचे असावेत; कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्ग, पुणे, मुंबई येथे मराठीचे आणि इतिहासाचे जाणते अभ्यासक पुरेसे आहेत. फाइल परीक्षकाला पाठवण्यापूर्वी लेखातील ‘प्रस्तुत लेखकाच्या पूर्वीच्या ग्रंथात’ अशा खुणा झाकाव्यात आणि वर्ड फाइलच्या गुणधर्मांतून लेखकाचे नाव काढून टाकावे. हा शेवटचा भाग हमखास विसरला जातो.

सगळे लेख आपल्याच शिक्षकांचे, संपादकही तेच आणि परीक्षकही तेच, ही महाविद्यालयीन पत्रिकांची खोड आहे. मुक्त प्रवेश असलेल्या पत्रिकांची डीओएजे ही प्रतिष्ठित सूची अर्ज तपासताना नेमके हेच पाहते : शेवटच्या दोन अंकांपैकी कोणत्याही अंकात संपादक, मंडळाचे सदस्य किंवा परीक्षक यांचे लेख पंचवीस टक्क्यांहून अधिक नसावेत. वर्षाला किमान पाच संशोधनलेख प्रकाशित व्हावेत, अशीही तिची अट आहे. अर्जाला शुल्क नाही. पहिल्या अंकापासूनच ही दोन परिमाणे पाळली तर नंतर धावपळ करावी लागत नाही.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. त्यापुढे चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि साठच्या वर असे तीन स्तर आहेत. पण अहवालातला टक्का हा न्यायाधीश नव्हे. दशावतारावरील किंवा धालोच्या गीतांवरील लेखात गीतांचे लांब उतारे असतील तर साम्याचा आकडा फुगतो आणि त्यात गैर काहीच नसते. उलट जुन्या फाँटमधील छापील पुस्तकातून पानेच्या पाने उचलली असतील तर यंत्राला ती दिसत नाहीत आणि आकडा अगदी निष्पाप येतो. म्हणून अहवाल ग्रंथपालाने ओळीओळीने वाचावा, कोणते साम्य अवतरणातले आणि कोणते उचललेले हे खूण करून मगच संपादकाला द्यावा. विषयाशी निगडित मराठी ग्रंथ आपल्याच कपाटात असतात. संशय आला तर ते उघडून पाहणे हाच खरा तपास.

गूगल स्कॉलर आणि डीओआय

गूगल स्कॉलरने लेखाची दखल घ्यावी असे वाटत असेल तर प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र फाइल हवी. संपूर्ण अंकाची एकच जाडजूड पीडीएफ तेथे निरुपयोगी ठरते, आणि पाच मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल अनुक्रमित होत नाही. सारांश लॉगिनशिवाय दिसला पाहिजे. ओजेएसमधील गूगल स्कॉलरसाठीचे प्लगइन चालू असले की बाकीची खुणांची व्यवस्था आपोआप होते. ग्रंथपालाने भरलेली नोंद शुद्ध असावी, एवढेच उरते.

डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता. लेख उद्या दुसऱ्या सर्व्हरवर गेला तरी डीओआयच्या नोंदीत नवा दुवा भरला की जुने संदर्भ चालू राहतात. मात्र तो दुवा भरण्याचे काम कोणीतरी करावे लागते. डीओआय घेतला आणि संकेतस्थळ हलवताना विसरला, तर कायमचा पत्ता कायमचा बंद दरवाजा होतो. पत्रिका सहसा डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या सदस्यत्वातून डीओआय देतात. वार्षिक शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते आणि त्याखेरीज प्रत्येक चालू लेखामागे सुमारे एक डॉलर व जुन्या लेखांसाठी त्याहून बराच कमी दर पडतो. महाविद्यालयाच्या लेखा विभागाला परकीय चलनातले बिल फारसे परिचित नसते, म्हणून मंजुरीचा प्रस्ताव आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा. तेवढी तरतूद नसल्यास सर्न या संस्थेची झेनोडो ही मोफत रिपॉझिटरी, म्हणजे लेखांचे डिजिटल भांडार, आहे. तेथे ठेवलेल्या लेखाला डीओआय मिळतो, पण तो झेनोडोवरील नोंदीकडे नेतो, आपल्या पत्रिकेच्या पानाकडे नाही, हे ध्यानात ठेवावे. डीओआयच्या उत्तरार्धात वर्ष, संपादकाची आद्याक्षरे किंवा महाविद्यालयाचे लघुनाम घालण्याचा मोह टाळावा. अर्थहीन पण अखंड क्रमांकच बदलत्या काळात टिकतो. आणि डीओआय असणे म्हणजे लेख दर्जेदार असणे नव्हे, हे जाहिरातीला भुलणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना अधूनमधून सांगत राहावे.

परवाना निवडताना संपादक मंडळाने क्रिएटिव्ह कॉमन्सचे प्रकार एकदा वाचून घ्यावेत. लेखकाचे श्रेय राखून पुनर्वापराला मोकळीक देणारा ‘सीसी बाय’ हा परवाना संशोधनाला सर्वांत सोयीचा आहे. लोकगीते, घराण्यांचे कागद किंवा देवस्थानांची छायाचित्रे असलेल्या लेखांत मात्र त्या सामग्रीच्या मालकांची लेखी संमती वेगळी घ्यावी, कारण लेखकाला जे स्वतःचे नाही त्यावर परवाना देता येत नाही.

जुने अंक आणि जतन

छापील अंकांचे डिजिटायझेशन करण्याची घाई करू नये, पण फार विलंबही करू नये. येथील दमट हवेत पिना गंजतात आणि कागद आठ-दहा पावसाळ्यांत तांबूस पडतो. तीनशे डीपीआयवर स्कॅन करावे, मूळ प्रतिमा टिफमध्ये जपून ठेवावी आणि वाचकांसाठी लेखागणिक पीडीएफ करावी. स्कॅनमधली छापील अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या मोफत प्रणालीत मराठीसाठी ओळखसंच आहे. स्वच्छ छपाई असेल तर तिचे काम चांगले चालते, सायक्लोस्टाइल प्रतींवर मात्र ती हात टेकते आणि तेथे निदान शीर्षक, लेखक व सारांश हाताने टंकावेत. त्या अंकांतील लेखकांनी ऑनलाइन प्रकाशनाला संमती दिलेली नसते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात, म्हणून हयात लेखकांना आणि वारसांना साधे पत्र पाठवून होकार घ्यावा. माझा अनुभव असा की नकार फार थोडे येतात, उत्तर न येणे मात्र पुष्कळ. अशा लेखांचा केवळ सारांश ठेवावा.

एकच प्रत ही प्रतच नव्हे. ओजेएसचा बॅकअप घेताना डेटाबेस, फाइलींचा फोल्डर आणि सार्वजनिक फोल्डर असे तिन्ही घ्यावेत. केवळ डेटाबेस घेतला तर नोंदी परत येतात, लेख येत नाहीत. आयएसएसएन असलेल्या ओजेएस पत्रिकांसाठी पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचे मोफत जतनजाळे आहे, त्याचे प्लगइन चालू करून अटी स्वीकाराव्यात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठ या दोघांच्याही डीस्पेस या मुक्त प्रणालीवर आधारलेल्या रिपॉझिटरी आहेत. त्यांची रचना पाहून आपल्या महाविद्यालयानेही तशी लहान रिपॉझिटरी उभारली तर लेखांची आणखी एक प्रत तेथे राहील. छापील अंक निघत असेल तर त्याची एक प्रत पणजीतील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला न चुकता द्यावी.

शेवटी हस्तांतराची वही. डोमेनचे नाव कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे, त्याचे नूतनीकरण कोणत्या तारखेला येते, होस्टिंगचे बिल कोण भरते, ओजेएसचे प्रशासक खाते, क्रॉसरेफचे खाते आणि आयएसएसएनचे पत्र कोठे आहे, हे एका पानावर लिहून प्राचार्यांच्या कार्यालयात आणि ग्रंथालयाच्या तिजोरीत ठेवावे. डोमेन संपादकाच्या खासगी ईमेलवर घेतलेले असेल तर त्याच्या निवृत्तीपूर्वीच ते महाविद्यालयाच्या नावावर करून घ्यावे, कारण निवृत्त संपादक गावी निघून गेला आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या न उघडलेल्या पेटीत पडून राहिली, तर सुटलेले डोमेन दुसराच कोणी विकत घेतो आणि पत्रिकेच्या जुन्या पत्त्यावर जाहिराती दिसू लागतात.